वेसण धरणाऱ्या पेशी

२०२५च्या जानेवारीत शेगावचं नाव भलत्याच कारणाने देशभर गाजलं. एरवी शेगाव म्हणजे गजानन महाराज आणि कचोरी. या खेपेस बातमी होती टकलांची. तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांची डोकी खाजू लागली, हात फिरवला की केसांचा झुपका हातात येऊ लागला आणि चार-आठ दिवसांत भरल्या केसांची माणसं टकली झाली. त्यांत म्हातारे होते, बाया होत्या, शाळेतली पोरं होती. वाहिन्यांनी ‘टक्कल व्हायरस’ असं बारसंही उरकून टाकलं. कुणी शाम्पूवर बोट ठेवलं, कुणी पाण्यावर. हा मुलूख पूर्णेच्या खारपाणपट्ट्यातला, तेव्हा पाण्यावर संशय येणं साहजिकच होतं. आरोग्य खात्याने पाणी तपासलं, डोक्याच्या कातडीचे नमुने प्रयोगशाळेत धाडले, आयसीएमआरचं पथक येऊन गेलं.

विंचूदंशाच्या रुग्णांना प्राझोसिन देऊन वाचवणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीही या प्रकरणात लक्ष घातलं. फेब्रुवारीत त्यांनी सांगितलं की दोष रेशनच्या गव्हात आहे. त्यात सेलेनियम बेसुमार आहे, रुग्णांच्या रक्तात, लघवीत आणि केसांतही ते वाढलेलं आहे, उलट जस्त कमी भरतं आहे. सेलेनियम अती झालं की केस आणि नखं जातात हे वैद्यकाला जुनंच ठाऊक आहे. एप्रिलमध्ये त्याच भागातून नखं गळत असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा या मताला आणखी बळ मिळालं.

अचानक केस गेलेला रुग्ण समोर आला की कातडीच्या डॉक्टरला एक प्रश्न सोडवावाच लागतो. केस बाहेरच्या कशाने गेले, की शरीरानेच पाडले? हा दुसरा प्रकार आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. त्याला चाई म्हणतात. डोक्यात किंवा दाढीत रुपयाएवढा गुळगुळीत चट्टा पडतो, कधी तो पसरत जाऊन सगळं डोकं साफ करतो. चाईत केसांच्या मुळांवर तुटून पडणाऱ्या पेशी आपल्याच रक्तातल्या, आपल्याच रक्षणासाठी ठेवलेल्या असतात. शेगावचा माग ताटातल्या पोळीपर्यंत गेला. चाईचा माग काढायचा तर रक्तातल्या एका अल्पसंख्य पेशीपर्यंत जावं लागतं, आणि योगायोग असा की त्याच वर्षी, ६ ऑक्टोबर २०२५ला, वैद्यकाचं नोबेल जाहीर झालं ते नेमकं याच पेशीसाठी. मेरी ब्रंकॉव, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची हे तिघे मानकरी. रॅम्सडेल तेव्हा फोन बंद ठेवून डोंगरात भटकत होते, त्यामुळे स्टॉकहोमच्या मंडळींना ते सापडेचनात.

या पेशींना नियामक टी-पेशी म्हणतात, प्रयोगशाळेतल्या बोलीत टी-रेग. बैलाची ताकद हवीच, पण वेसणीशिवाय तोच बैल धन्याला शिंगावर घेतो. रोगप्रतिकारशक्तीचं तसंच आहे, आणि तिची वेसण या पेशींच्या हाती असते. त्या सापडल्या कशा, हरवल्या कशा आणि पुन्हा सापडल्या कशा, ही गोष्ट मोठी नागमोडी आहे.

तिचं एक टोक अमेरिकेत टेनेसीतल्या ओक रिजला आहे. अणुबॉम्बच्या कामासाठी वसवलेल्या या गावात दुसऱ्या महायुद्धानंतर उंदरांच्या मोठाल्या वसाहती पाळल्या होत्या. किरणोत्साराचा पुढच्या पिढ्यांवर काय परिणाम होतो ते पाहायचं होतं. १९४९मध्ये तिथे किरणोत्साराशी संबंध नसलेल्या एका वाणात आपोआपच विचित्र पिल्लं निपजू लागली. कातडी खवल्या-खवल्यांची, प्लीहा आणि लसिकाग्रंथी टम्म फुगलेल्या. तीन-चार आठवड्यांत खेळ खलास. मरत ते फक्त नर. माद्या धडधाकट राहत. म्हणजे दोष एक्स गुणसूत्रावर, एवढं तेव्हाही कळलं. या वाणाला ‘स्कर्फी’ हे नाव पडलं आणि पुढची पन्नासेक वर्षं तो दोष नेमका कुठे आहे हे कुणाला सांगता आलं नाही.

दुसरं टोक जपानात, नागोयाच्या आइची कर्करोग केंद्रात. १९६९मध्ये निशिझुका आणि साकाकुरा यांनी उंदरांच्या नवजात पिल्लांची थायमस ग्रंथी काढून टाकली. ही ग्रंथी छातीच्या हाडामागे असते आणि टी-पेशी तिथे तयार होतात. ज्या टी-पेशी स्वतःच्या शरीरावर फार जोरात उठतात त्यांना तिथेच मारलं जातं. ग्रंथी काढली म्हणजे टी-पेशी घटतील आणि प्रतिकारशक्ती लुळी पडेल, असंच कुणीही म्हटलं असतं. झालं उलटंच. तिसऱ्या दिवशी ग्रंथी काढलेल्या माद्यांचे बीजांडकोश त्यांच्याच शरीराने नासवले. सातव्या दिवशी काढली तर काहीच बिघडत नव्हतं. सगळा फरक मधल्या चार दिवसांचा! त्या चार दिवसांत थायमसमधून असं काहीतरी बाहेर पडत होतं, जे उरलेल्या पेशींना आवरून धरत होतं.

पुढच्याच वर्षी येल विद्यापीठातल्या रिचर्ड गर्शन यांनी कोंडो यांच्यासोबत प्रयोग करून सांगितलं की काही टी-पेशी इतर पेशींना दाबून ठेवतात. ‘सप्रेसर’ पेशींची लाट आली. शेकडो शोधनिबंध छापले गेले. त्या पेशींची खूण म्हणून ‘आय-जे’ नावाचा गुणसूत्रावरचा एक टप्पाही ठरला. १९८३मध्ये डीएनए वाचून पाहिला, तर त्या जागी असं जनुकच नव्हतं. एवढ्या एका धक्क्याने सगळं क्षेत्र कोसळलं. सप्रेसर हा शब्द उच्चारला तरी लोक हसू लागले, अनुदानं आटली. शास्त्रज्ञही माणसंच. पोळलेल्या तोंडाने ताकही फुंकून पिण्याऐवजी त्यांनी ताक पिणंच सोडलं.

साकागुची सोडायला तयार नव्हते. निशिझुकांच्या त्या तीन दिवसांच्या पिल्लांनी त्यांना झपाटलं होतं. ग्रंथी काढलेल्या उंदरांना त्यांनी निरोगी उंदरांच्या टी-पेशी टोचल्या, तर आजार टळला. मग आजार टाळणाऱ्या पेशी कोणत्या, हे वेगळं काढायचं काम उरलं. त्यात दहा-बारा वर्षं गेली. १९९५मध्ये त्यांनी सांगितलं की या पेशींच्या अंगावर सीडी२५ नावाचं प्रथिन असतं, आणि सीडी४ गटातल्या टी-पेशींमध्ये त्यांचा वाटा जेमतेम दहा टक्के असतो. सप्रेसरची बदनामी इतकी होती की लगेच फारसं कुणी मनावर घेतलं नाही.

शंका मिटली ती ओक रिजच्या त्या खवलेदार उंदरांमुळे. सिएटलजवळच्या एका जैवतंत्रज्ञान कंपनीत ब्रंकॉव आणि रॅम्सडेल यांनी स्कर्फीचा दोष शोधायला घेतला होता. आज जे काम काही दिवसांत होतं त्याला तेव्हा वर्षं लागत. एक्स गुणसूत्रावर शोध आवळत आवळत ते डीएनएच्या सुमारे पाच लाख अक्षरांच्या टापूपर्यंत आले. त्या टापूत वीस जनुकं सापडली. एकेक जनुक घ्यायचं, निरोगी उंदराचं आणि स्कर्फीचं शेजारी मांडायचं, अक्षर अन् अक्षर ताडून पाहायचं. एकोणीस जनुकं अगदी सारखी निघाली. दोष विसाव्यात होता, दोन अक्षरं जास्तीची घुसली होती. जनुकाला फॉक्सपी३ हे नाव मिळालं. २००१मध्ये हे छापून आलं आणि त्याच वर्षी स्पष्ट झालं की मुलग्यांमधला आयपेक्स हा दुर्मीळ, जीवघेणा आजारही याच जनुकाच्या बिघाडाने होतो. २००३मध्ये तीन गटांनी, त्यांत साकागुचींचा एक, दाखवून दिलं की फॉक्सपी३ हेच टी-रेग पेशींचं मुख्य जनुक आहे.

नोबेलच्या पत्रकात गोष्ट साधारण इथवर येऊन थांबते. मला ती इथे थांबवणं पटत नाही. मुख्य जनुक सापडलं म्हणजे पेशी कशी घडते ते कळलं. घडलेली पेशी वर्षानुवर्षं, सूज आणि संसर्गाच्या धुमाळीतही आपला स्वभाव न सोडता राहते कशी, हे फॉक्सपी३ एकट्याने सांगत नाही. त्याचं उत्तर अशा एका गोष्टीतून आलं जिचा प्रतिकारशक्तीशी काडीचा संबंध नव्हता.

एक मिलिमीटर लांबीची एक पारदर्शक अळी असते. १९९३मध्ये व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रव्हकन यांनी या अळीच्या वाढीचा अभ्यास करताना पाहिलं की लिन-४ हे जनुक प्रथिन बनवतच नाही. त्यापासून तयार होतो तो जेमतेम बावीस अक्षरांचा आरएनएचा तुकडा. हा तुकडा दुसऱ्या जनुकाच्या संदेशवाहक आरएनएच्या शेपटीला जाऊन चिकटतो आणि त्या संदेशापासून प्रथिन बनू देत नाही. अळीची गंमत म्हणून लोकांनी ते वाचलं आणि पान उलटलं. २०००मध्ये रव्हकन यांच्याच गटाला लेट-७ सापडलं, आणि ते तर माणसापर्यंत जवळपास जसंच्या तसं टिकलेलं निघालं. मग धावाधाव सुरू झाली. माणसात असे हजारांवर तुकडे आहेत. त्यांना मायक्रोआरएनए म्हणतात आणि २०२४चं नोबेल अँब्रोस-रव्हकन यांना मिळालं ते त्यासाठीच.

हे तुकडे आधी लांब असतात. ड्रोशा आणि डायसर ही दोन प्रथिनं त्यांना कापून योग्य मापाचे करतात. प्रतिकारशक्तीच्या अभ्यासकांना इथे एक नामी युक्ती सापडली. शेकडो मायक्रोआरएनए एकेक करून तपासण्यापेक्षा डायसरच काढून टाकलं तर? पेशीतले जवळजवळ सगळेच मायक्रोआरएनए एका झटक्यात जातील. २००६मध्ये लंडनच्या मॅथियास मर्केनश्लागर यांच्या गटाने टी-पेशींमधून डायसर काढलं. थायमसमध्ये टी-रेग कमी तयार झाल्या आणि उंदरांना पुढे आतड्याचे आजार जडले. पण इथे सगळ्याच टी-पेशी बाधित होत्या, त्यामुळे बोट नेमकं कुणाकडे दाखवायचं हा प्रश्न राहिला.

२००८मध्ये तो सुटला. सिएटलला अलेक्झांडर रुडेन्स्की आणि सॅन फ्रान्सिस्कोला जेफ्री ब्लूस्टोन यांच्या गटांनी डायसर फक्त टी-रेग पेशींतून काढलं. न्यूयॉर्कला डॅन लिटमन यांच्या गटाने हाच प्रश्न ड्रोशाच्या बाजूने तपासला. तिन्ही निबंध एकाच नियतकालिकात आले. शरीरातल्या इतर सगळ्या पेशी शाबूत, फॉक्सपी३ जनुकही शाबूत, गेले ते फक्त टी-रेगमधले मायक्रोआरएनए. तरी उंदीर स्कर्फीसारखेच मेले.

यातला एक बारकावा मला सगळ्यात मोलाचा वाटतो. फॉक्सपी३ एक्स गुणसूत्रावर आहे आणि मादीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एकच एक्स चालू असतं. त्यामुळे अशा माद्या मिळाल्या ज्यांच्या टी-रेगपैकी काहींत डायसर आहे, काहींत नाही. चांगल्या टी-रेग हाताशी असल्यामुळे त्या माद्या निरोगी राहिल्या. त्यांच्यातल्या डायसर नसलेल्या टी-रेग काढून पाहिल्या, तर त्या कमकुवत होत्या, पण थोडंफार काम करत होत्या. हेच आजारी, सुजलेल्या उंदरातल्या डायसर नसलेल्या टी-रेग तपासल्या, तर त्यांची दाबून धरण्याची ताकद पार गेलेली. म्हणजे शांततेच्या काळात मायक्रोआरएनए नसले तरी कसंबसं निभतं. गरज खरी पडते ती धुमश्चक्रीत, आणि नेमकी तेव्हाच ही पेशी त्यांच्याविना आपला धर्म सोडते.

मग एकेक मायक्रोआरएनए पकडला जाऊ लागला. २००९मध्ये दिसलं की फॉक्सपी३ स्वतःच मायक्रोआरएनए-१५५ वाढवतं, आणि तो सॉक्स१ या प्रथिनाला आवरतो. सॉक्स१ कमी झालं की आयएल-२ या वाढीच्या संदेशाला टी-रेग चांगली दाद देतात आणि त्यांची संख्या टिकते. २०१०मध्ये मायक्रोआरएनए-१४६ए पुढे आला. तो नसेल तर स्टॅट१ अतोनात वाढतं आणि टी-रेगना आक्रमक टी-पेशींचा एक विशिष्ट गट आवरेनासा होतो. २०१४मध्ये तर असं दिसलं की टी-रेग लेट-७डी हा मायक्रोआरएनए बारीक पिशव्यांत भरून शेजारच्या आक्रमक पेशींना पोचवतात आणि त्यांना थंड करतात.

या गोष्टीतलं मला सगळ्यात आवडलेलं पात्र मात्र एक प्रथिन आहे, आणि त्याचा बराच अभ्यास आपल्या पुण्यात झाला आहे. सॅटबी१ त्याचं नाव. तेरुमी कोही-शिगेमात्सू या संशोधिकेने ते १९९२मध्ये शोधलं. थायमसमधल्या पेशींच्या केंद्रकात ते पिंजऱ्यासारखी जाळी करून राहतं, डीएनए ठरावीक जागी धरून ठेवतं आणि त्यामुळे एकाच वेळी कितीतरी जनुकांवर हुकमत गाजवतं. कोही-शिगेमात्सू यांच्याकडे काम केलेले डॉ. संजीव गलांडे पुण्यात आले आणि विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात, म्हणजे एनसीसीएसमध्ये, त्यांनी सॅटबी१चा पिच्छा पुरवला. २००६मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं की या प्रथिनाला फॉस्फेटचा एक गट चिकटला की ते जनुकं दाबणाऱ्यांशी हातमिळवणी करतं आणि तो सुटला की जनुकं चालवणाऱ्यांच्या गोटात जातं. २०१०मध्ये मदतनीस टी-पेशी विशिष्ट वळण घेतात त्यात सॅटबी१चा हात कसा आहे हे त्यांनी मांडलं. त्याच वर्षी त्यांना भटनागर पुरस्कार मिळाला, मुंबईच्या टीआयएफआरमधल्या शुभा टोळे यांच्यासोबत. त्याच सुमारास त्यांचं काम पाषाण रस्त्यावरच्या आयसरमध्ये गेलं. मदतनीस टी-पेशीला लढाऊ वळण देणारं प्रथिन कसं चालतं, हे पुण्याने असं उलगडत नेलं होतं. टी-रेगमध्ये त्याच प्रथिनाचं काय होतं, हा प्रश्न उघडच होता.

उत्तर जर्मनीतून आलं. २०११मध्ये बॉनच्या योआखिम शुल्त्से यांच्या गटाने सांगितलं की टी-रेगमध्ये सॅटबी१ जाणूनबुजून गप्प केलेलं असतं, तेही दुहेरी बंदोबस्ताने. फॉक्सपी३ स्वतः सॅटबी१च्या जनुकावर बसून ते दाबतं. त्यातूनही जो संदेश निसटेल, त्याच्या शेपटीला चिकटायला फॉक्सपी३ने वाढवलेले मायक्रोआरएनए तयार असतात. त्यांतला एक वर आलेला १५५च. या गटाने टी-रेगमध्ये जबरदस्तीने सॅटबी१ वाढवून पाहिलं, तर त्या पेशी आवरायचं सोडून आक्रमक पेशींचे रासायनिक संदेश सोडू लागल्या.

म्हणजे सॅटबी१ हा खलनायक? २०१७मध्ये ओसाकाहून साकागुचींच्याच गटाने ते चित्र पालटलं. थायमसमध्ये, फॉक्सपी३ चालू होण्याच्याही आधी, सॅटबी१च टी-रेगची जनुकं उघडून देतं. तिथे ते नसेल तर टी-रेग नीट तयारच होत नाहीत आणि उंदराला स्वतःच्या शरीरावर उलटणारे आजार होतात. जे प्रथिन पेशी घडवताना हवं, तेच घडल्यावर दाबावं लागतं, आणि दाबून ठेवणाऱ्यांत बावीस अक्षरांचे हे तुकडे आहेत. टी-रेगची घडण आणि टी-रेगचं काम हे दोन वेगळे कारभार आहेत, हे एवढ्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं उदाहरण मला ठाऊक नाही. २०२४ आणि २०२५च्या दोन नोबेल पारितोषिकांच्या मधोमध हे काम उभं आहे, त्याला वेगळं पारितोषिक नाही.

आता पुन्हा केसांकडे. २०१७मध्येच सॅन फ्रान्सिस्कोच्या मायकेल रोझेनब्लम यांच्या गटाने दाखवलं की कातडीतल्या टी-रेग केसांच्या मुळांभोवती गोळा होतात आणि त्यांना काढून टाकलं तर उंदराचे उपटलेले केस पुन्हा उगवत नाहीत. चाईवर २०२२मध्ये अमेरिकेत बॅरिसिटिनिब हे औषध मान्य झालं. ते ज्या जेएके प्रथिनांना रोखतं, त्यांनाच आवरणं हे सॉक्स१चंही काम आहे. म्हणजे मायक्रोआरएनए-१५५ ज्या मार्गावर उभा आहे, त्याच मार्गावर आजचं औषधही उभं आहे. फरक इतकाच की औषध सगळ्या पेशींना सरसकट लागू पडतं आणि म्हणून त्याला संसर्गासारखे धोके चिकटलेले आहेत.

मायक्रोआरएनएच औषध म्हणून का देऊ नये? तेही करून झालं. कर्करोगासाठी एमआरएक्स३४ नावाचा मायक्रोआरएनए-३४एचा नकली तुकडा रुग्णांना दिला गेला. प्रतिकारशक्ती भडकून गंभीर परिणाम झाले, चार रुग्ण दगावले आणि २०१६मध्ये चाचणी बंद करावी लागली. एक तुकडा शेकडो संदेशांना चिकटू शकतो. रक्तात सोडलेला तुकडा कोणत्या पेशीत जाईल आणि तिथे कुणाचं तोंड बंद करेल यावर आपला ताबा नाही. टी-रेग बाहेर वाढवून परत टोचण्याचे प्रयत्न, आयएल-२ थोड्या मात्रेत देऊन त्या वाढवण्याचे प्रयत्न, हे सारं आज चाचण्यांच्या पायरीवर आहे.

कोरोनापासून आपल्याकडे ‘इम्युनिटी वाढवा’ हा मंत्र झाला आहे. चूर्ण, काढे, गोळ्या, सगळ्यांच्या डब्यावर तेच. चाई, कोड, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, मुलांचा टाइप-१ मधुमेह या आजारांत प्रतिकारशक्ती कमी पडलेली नसते, ती सुटलेली असते. घरात असा रुग्ण असेल तर ती वाढवणारं काहीही देण्याआधी डॉक्टरला विचारा, इन्सुलिन कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. आणि उद्या कुणी टी-रेग किंवा मायक्रोआरएनएचं इंजेक्शन म्हणून काही विकायला आलं, तर पैसे मोजण्याआधी त्याला औषध नियंत्रकाच्या मान्यतेचा कागद मागा.